मोबाइल दोन उत्तरं देतो, घ्यायचं कुठलं? वर्गसमीकरण, त्याचा आलेख आणि गाडीचा ब्रेक

पनवेलच्या खांदा कॉलनीत राहणारी माझी मामेबहीण यंदा दहावीला आहे. बीजगणितातला ‘वर्गसमीकरणे’ हा धडा तिनं दोन आठवड्यांत संपवला. कसा संपवला, ते मागच्या रविवारी कळलं. उदाहरणावर फोन धरायचा, फोटोमॅथ किंवा गूगल लेन्सनं फोटो घ्यायचा, स्क्रीनवर आलेल्या पायऱ्या वहीत उतरवायच्या आणि खाली दोन रेघा मारायच्या. मला यात फार मोठं पाप दिसत नाही. आमच्या वेळी हेच काम गाईड करायचं, फक्त त्याला चार्जिंग लागत नव्हतं.

मी तिला एक समीकरण लिहून दिलं:

व² + १०व − ६०० = ०

पाच सेकंदांत फोननं उत्तर दिलं: व = २० किंवा व = −३०. तिनं दोन्ही उतरवली. मी विचारलं, ‘यातलं खरं कुठलं?’

‘दोन्ही खरी. दोन मुळं असतात ना दादा.’

‘आणि हे समीकरण कशाचं आहे?’

‘कशाचं म्हणजे? वर्गसमीकरण आहे.’

इथेच सगळी गोम आहे. ‘ए एक्स स्क्वेअर प्लस बी एक्स प्लस सी इज इक्वल टू झिरो’ हे आपल्याला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं. पण ए म्हणजे काय, बी म्हणजे काय, सी कुठून आला, हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. माझ्या समीकरणातल्या तिघांनाही अर्थ होता. तो अर्थ मला एका पावसाळी संध्याकाळी पळस्पे फाट्याच्या अलीकडे समजायला लागला होता, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

टेंपोचा फाळका

एक्सप्रेसवे कळंबोलीहून सुरू होतो, पण दुचाकीला तिथे बंदी आहे. त्यामुळे आम्ही स्कूटरवाले जुन्या हायवेनं जातो. मुंबई-पुणे जुना रस्ता आणि गोव्याकडे जाणारा रस्ता जिथे फुटतात, तो पळस्पे फाटा. पाऊस चालू होता, वेग ताशी ४५ च्या आसपास होता. फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये होता आणि मी मॅप बघायला क्षणभर मान खाली घातली. क्षणभर म्हणजे नंतर आठवून पाहिलं तर दोनेक सेकंद नक्की. मान वर केली तर पुढचा टेंपो जागेवर थांबलेला. ब्रेक दाबले, मागचं चाक थोडं सरकलं आणि टेंपोच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर स्कूटर थांबली.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच प्रश्न होता. मी नेमका कशामुळे वाचलो, आणि किती फरकानं? त्याचं उत्तर म्हणजे एक वर्गसमीकरण आहे.

थांबायला किती अंतर लागतं?

गाडी थांबते तेव्हा दोन गोष्टी एकामागून एक घडतात. आधी डोळ्यांना अडथळा दिसतो, मेंदूला कळतो आणि हात ब्रेकवर जातो. तोपर्यंत गाडी मूळ वेगानंच पळत असते. त्यानंतर ब्रेक लागतो आणि वेग कमी होत शून्यावर येतो.

पहिला भाग सोपा आहे. वेग सेकंदाला २० मीटर असेल (म्हणजे ताशी ७२ किलोमीटर) आणि प्रतिसादाला १ सेकंद लागला, तर २० मीटर तसेच गेले. सेकंदाला १० मीटर वेग (ताशी ३६) असेल तर १० मीटर. वेग दुप्पट केला की अंतरही दुप्पट. आलेख काढलात तर सरळ रेषा येईल, पहिल्या धड्यातली.

दुसऱ्या भागात खरी गंमत आहे. समजा, कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंदानं कमी होतो. १० च्या वेगावरून शून्यावर यायला २ सेकंद लागतील. या २ सेकंदांतला सरासरी वेग ५, म्हणून अंतर १० मीटर. आता वेग २० घ्या. थांबायला ४ सेकंद लागतील, सरासरी वेग १०, अंतर ४० मीटर. वेग दुप्पट झाला तेव्हा थांबायचा वेळही दुप्पट झाला आणि सरासरी वेगही दुप्पट झाला. दोन दुपटी एकमेकींना गुणल्या गेल्या आणि अंतर चौपट झालं. समीकरणातला ‘वर्ग’ आला तो इथून. कुणी परीक्षेसाठी मुद्दाम घातलेला नाही.

दोन्ही भाग एकत्र लिहू. वेग व, एकूण अंतर अं:

अं = व + व²/१०

व = १० असेल तर अं = २०. व = २० असेल तर अं = ६०. व = ३० असेल तर अं = १२०. ताशी ३६ वरून ७२ वर गेलात की थांबायचं अंतर तिप्पट होतं. रस्ते आखणारे इंजिनिअरसुद्धा हाच हिशेब वापरतात, फक्त ते माणसावर आपल्यापेक्षा कमी भरवसा ठेवतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात प्रतिसादाला अडीच सेकंद धरलेत आणि ब्रेकही आपल्यापेक्षा मवाळ धरलाय. त्यामुळे ताशी ५० साठी चालकाला पुढचा ६० मीटर रस्ता दिसायला हवा, तर ताशी १०० साठी १८० मीटर. इथेही वेग दुप्पट, अंतर तिप्पट.

आता प्रश्न उलटा करा. पुढे वळण आहे आणि मला फक्त ६० मीटर रस्ता दिसतोय. जास्तीत जास्त किती वेगानं गेलो तर त्या ६० मीटरांत थांबेन?

व + व²/१० = ६०

दोन्ही बाजूंना १० नं गुणा, सगळं एकीकडे घ्या. मिळेल व² + १०व − ६०० = ०. बहिणीला दिलेलं समीकरण हेच होतं.

(वेगाला ‘व’ म्हणायची ही पद्धत काही माझी नाही. आपल्याकडच्या जुन्या बीजगणितात अज्ञात संख्यांना नावं होती: यावत्तावत्, कालक, नीलक. लिहिताना त्यांची पहिली अक्षरं वापरायचे, या, का, नी. एक्सची सवय आपल्याला नंतर लागली.)

आता फोन हातात घ्या

फोटो काढून उत्तर मिळवण्यापेक्षा चांगलं काम फोन करू शकतो. तो आलेख काढतो. डेसमॉस किंवा जिओजेब्रा, दोन्ही फुकट आहेत आणि ब्राउझरमध्येही चालतात. मी डेसमॉस वापरतो, म्हणून त्याचंच सांगतो. कीबोर्ड इंग्रजी ठेवा. पहिल्या ओळीत टाइप करा: वाय = एक्स + एक्स² / १०. दुसऱ्या ओळीत: वाय = ६०. एक्स म्हणजे आपला वेग, वाय म्हणजे अंतर.

सुरुवातीला स्क्रीनवर फारसं काही दिसणार नाही आणि ‘ॲप बिघडलं’ असं वाटेल. बिघडलेलं नसतं, आपला आलेख चौकटीच्या बाहेर असतो. सेटिंगच्या खुणेवर टॅप करून एक्स −४० ते ४० आणि वाय −१० ते १३० करा. आता वाटीसारखी, वर उघडलेली वक्ररेषा दिसेल. मराठीत तिला अन्वस्त म्हणतात. तिला छेदणारी आडवी रेषा म्हणजे आपल्याला दिसणारा ६० मीटर रस्ता. वक्रावर टॅप केलंत की छेदाचे बिंदू उमटतात: एक (२०, ६०) आणि दुसरा (−३०, ६०).

फोननं दिलेली दोन उत्तरं ही आहेत. वाटी आडव्या रेषेला उजवीकडे एकदा भेटते, डावीकडे एकदा. वर्गसमीकरण सोडवणं म्हणजे हे भेटीचे बिंदू शोधणं. अवयव पाडा, पूर्ण वर्ग करा, नाहीतर सूत्रात घाला, सगळे रस्ते याच दोन ठिकाणी पोचतात. पुस्तकात उजवी बाजू शून्य असते, म्हणजे आडवी रेषा थेट एक्स अक्षावर येते. फरक तेवढाच.

आणि आता कळतं की −३० का टाकायचं. गणितात ते चूक नाही, मांडून बघा: −३० + ९००/१० = ६०. पण आपण सूत्र लिहिलं ते पुढे जाणाऱ्या गाडीसाठी. शून्याच्या डावीकडची वाटी कागदावर आहे, रस्त्यावर नाही. समीकरणाला ते ठाऊक नसतं, फोनलाही नसतं. उरतं २०, म्हणजे ताशी ७२.

माकडं आणि भास्कराचार्य

‘मग मायनसवालं नेहमी टाकायचं ना?’ बहिणीचा लगेच प्रश्न. नियम मिळाला की सुटलो, असं सगळ्यांनाच वाटतं. तर नाही. हा प्रश्न भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात घेतलाय, आणि तोही माकडं घेऊन. (चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याचं त्यात कोरलंय. म्हणजे या गणिताचे क्लास महाराष्ट्रात बऱ्याच आधीपासून चालू आहेत.)

पहिलं उदाहरण असं. एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला तर जितकी येतील तितकी माकडं वनात खेळताहेत, उरलेली १२ टेकडीवर आहेत. कळप केवढा? (म/८)² + १२ = म. सोडवलं की १६ आणि ४८ मिळतात. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२, झाले १६. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२, झाले ४८. दोन्ही उत्तरं चालतात, एकही टाकायचं कारण नाही.

दुसरं उदाहरण: कळपाचा पाचवा भाग घेतला, त्यातून ३ वजा केले, त्याचा वर्ग केला. तितकी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. (म/५ − ३)² + १ = म. उत्तरं ५० आणि ५. इथे दोन्ही उत्तरं धन आहेत, पण ५ तपासून बघा. ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उरतात −२. वर्ग केला की ४ होतात, अधिक १, पाच. हिशेब जुळतो. पण वजा दोन माकडांचा वर्ग करून कुणी गुहेत पाठवत नाही. म्हणून भास्कराचार्यांनी ५ बाजूला ठेवलं आणि ५० घेतलं.

म्हणजे चिन्ह बघून उत्तर टाकायचं नसतं. ते मूळ गोष्टीत परत ठेवून बघायचं असतं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण फोटो काढून उत्तर घेणारा इथे हमखास फसतो. दोन धन उत्तरं, दोन्ही ‘बरोबर’.

रेषा वाटीला भेटलीच नाही तर?

दहावीत विवेचक नावाची एक भानगड येते: बी² − ४एसी. तो धन असेल तर दोन मुळं, शून्य असेल तर दोन समान मुळं, ऋण असेल तर वास्तव मूळच नाही. पाठ करायला बरं, पण डोळ्यांसमोर काही येत नाही. बिल्डिंगखाली क्रिकेट खेळणाऱ्यांनी असं बघा. चेंडू सरळ वर, सेकंदाला १५ मीटर वेगानं उडाला. हवेचा विरोध सोडला तर वे सेकंदांनंतर त्याची उंची साधारण १५वे − ५वे². इथे वर्गाच्या मागे वजा आहे, म्हणून वाटी पालथी.

१० मीटर उंचीवर एक गॅलरी आहे. चेंडू तिथे कधी असेल? १ सेकंदाला आणि २ सेकंदांना. एकदा वर जाताना, एकदा खाली येताना, म्हणजे गॅलरीतल्या काकूंना चेंडू दोनदा दिसला. दोन्ही उत्तरं खरी. आडवी रेषा ११.२५ मीटरवर न्या, ती वाटीच्या टोकाला जेमतेम टेकते: दीड सेकंदाला, एकदाच. रेषा १२ मीटरवर नेली की भेटच नाही. तिथली काच सुरक्षित. समीकरण ५वे² − १५वे + उंची = ० असं मांडलं तर विवेचक येतो २२५ − २०×उंची. १० ला तो २५, ११.२५ ला ०, १२ ला −१५. विवेचक फक्त एवढंच सांगतो: रेषा वाटीला दोनदा छेदते, टेकते की चुकते.

ब्रेकच्या समीकरणात मात्र विवेचक कधीच ऋण होत नाही. तिथे ए धन आणि सी ऋण (−६०० सारखा), मग −४एसी धनच येणार. शिवाय मुळांचा गुणाकार सी/ए, तो ऋण, म्हणून एक मूळ धन आणि एक ऋण. घ्यायचं उत्तर नेहमी एकच.

ए रस्त्याचा, बी आपला

आता पहिली ओळ बदला. वाय = बीएक्स + एक्स² / (२ए) असं टाइप करा. डेसमॉस विचारेल, ए आणि बी साठी स्लायडर हवेत का. हो म्हणा. ए म्हणजे दर सेकंदाला ब्रेक किती वेग कमी करतो, बी म्हणजे प्रतिसादाला किती सेकंद लागले. ए ला ५ आणि बी ला १ वर ठेवलं की आपली जुनी वाटी परत येते.

ए चा स्लायडर अडीचवर आणा: ओला रस्ता, गुळगुळीत टायर. वाटी अरुंद होते, तिच्या बाजू एकदम उभ्या चढतात आणि ६० ची रेषा आता १५ वरच भेटते. हातानं करून बघा, व² + ५व − ३०० = ०, म्हणजे (व − १५)(व + २०) = ०. ताशी ७२ चे ५४ झाले.

ए परत ५ करा आणि बी ३ वर न्या: नेहमीचा एक सेकंद आणि दोन सेकंद फोनकडे. वाटीचं तोंड होतं तेवढंच राहतं, पण ती अख्खी डावीकडे आणि खाली सरकते. उजवीकडची भेट येते १३.७ वर, ताशी ४९. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, आणि तरीही दोन सेकंदांच्या मॅपनं पावसापेक्षा जास्त वेग खाल्ला. मला हे आकडे पहिल्यांदा दिसले तेव्हा मी सूत्र दोनदा तपासलं.

ए बराचसा रस्त्याच्या, टायरच्या आणि पावसाच्या हातात असतो. सी म्हणजे पुढे किती दिसतं, तो वळणाच्या आणि अंधाराच्या हातात. बी एकटा चालकाचा. पाठ केलेल्या त्या ओळीत ही तीन अक्षरं शेजारी शेजारी बसतात आणि सारखीच दिसतात.

बहिणीनं फोन माझ्याकडून काढून घेतला आणि दोन्ही स्लायडर एकदम हलवले: ए अडीच, बी तीन. माझी पळस्प्याची संध्याकाळ. ‘वेग किती होता तुझा?’

‘पंचेचाळीस.’

ताशी ४५ म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. तिनं वहीत मांडलं: ३ × १२.५ = ३७.५ आणि १२.५²/५ = ३१.२५. बेरीज ६८.७५. म्हणजे मी मान खाली घातली तेव्हा टेंपो साधारण ६९ मीटरवर होता, आणि त्यातले साडेसदतीस मीटर मी ब्रेकला हात न लावताच घालवले.

‘आणि पन्नासवर असतास तर?’

हे तिनं स्वतः सोडवलं, नववीच्या विज्ञानातलं गतीचं तिसरं समीकरण वापरून. ताशी ५० म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. तीन सेकंदांत जवळपास ४२ मीटर गेले. ब्रेक लावायला उरले २७. वेगाचा वर्ग १९३, त्यातून २ × २.५ × २७ म्हणजे १३५ वजा. उरले ५८, वर्गमूळ ७.६. तिनं ३.६ नं गुणलं आणि वही माझ्याकडे फिरवली.

‘दादा, सत्तावीसच्या स्पीडनं टेंपोत घुसला असतास. फक्त पाचनं जास्त होता तरी.’

मग तिनं वर्गमुळाची ऋण किंमत खोडली आणि खाली दोन रेघा मारल्या.